सापरोबो सरळ सोडला तरी एकाच बाजूला वळतोय? कोड उघडण्याआधी हे बघा

सापरोबो म्हणजे सर्वो मोटरींचे सांधे एकामागे एक जोडून केलेला, सापासारखा वळवळत चालणारा रोबो. सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर. आधी लक्षणं. तुमच्या रोबोला यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा. सगळ्यांवर उपाय एक नाही.

– ऑफसेट (वळवण्यासाठी प्रत्येक सांध्यात मिळवायचा कोन) शून्य ठेवलाय, सरळ जायला सांगितलंय, तरी रोबो मोठ्या वर्तुळात फिरत दरवेळी एकाच अंगाला जातो.
– सुरू होताना एक झटका देऊन तोंड फिरवतो, मग त्या नव्या दिशेने सरळ जातो.
– डावीकडे झकास वळतो, उजवीकडे जेमतेम.
– जागच्या जागी वळवळतो. किंवा चक्क मागे जातो.
– सरळ नीट चालतो, पण वळण दिलं की थरथरतो आणि बोर्ड रीसेट होतो.

दुसरं लक्षण असेल तर तो बिघाडच नाही. लाट, म्हणजे अंगातून जाणारी वळवळ, सुरू होते त्या क्षणी सगळे सांधे एकदम शून्यावरून आपापल्या कोनात उडी मारतात आणि त्या हिसक्याने तोंड फिरतं. आवाका (सांधा मधल्या रेषेपासून किती अंश वळतो ते) पहिल्या दोन-तीन सेकंदांत शून्यापासून हळूहळू वाढवा, झालं. बाकीच्यांसाठी पुढे वाचा.

डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं फेब्रुवारी-मार्चात बुटाच्या खोक्यात साप घालून माझ्याकडे येतात. वाक्य ठरलेलं: "सर, कोडमध्ये बग आहे." बहुतेक वेळा कोडमध्ये काहीच नसतं. पण तीन रात्री जागून त्यांनी कोडमध्येच इतकं काही घातलेलं असतं, की आधी ते काढावं लागतं.

बिघाड आणि स्टिअरिंग एकच आहे

एवढं समजलं की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो.

धामण अंगणातून जाते तेव्हा तिच्या शरीरातून डोक्याकडून शेपटीकडे लाट जाते. लाट मागे जाते आणि धामण पुढे. हे जमतं ते पोटावरच्या खवल्यांमुळे. पुढे सरकताना ते कमी घासतात, आडवं सरकताना जास्त. संशोधक डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कापडावर हे मोजलं, तेव्हा आडवं घर्षण पुढच्या दिशेच्या जवळपास दुप्पट भरलं. गुळगुळीत पृष्ठभागावर हा फरक राहिला नाही आणि साप नुसतेच वळवळले. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये पहिला सापरोबो चालवला. त्यांनी खवल्यांचं काम बिनमोटरच्या छोट्या चाकांना दिलं. चाक पुढे सहज फिरतं, आडवं मात्र घसरत नाही. आज आपण पोटाखाली चाकं लावतो ती तिथूनच आली.

सापाच्या वळणांचा आकार सूत्रात बसवला तोही हिरोसे यांनीच. तुमच्या कोडमध्ये ते असंच काहीतरी असेल:

सांध्याचा कोन = आवाका × साइन(वेळ × वेग + सांध्याचा क्रमांक × फेज) + ऑफसेट

फेज म्हणजे शेजारचे दोन सांधे लाटेत एकमेकांच्या किती मागे-पुढे असतात ते. आणि यातला ऑफसेट म्हणजे स्टिअरिंग. शून्य असेल तर लाट डावी-उजवी सारखीच जाते आणि साप सरळ जातो. प्रत्येक सांध्यात ५ अंश मिळवले तर लाट तशीच राहते, पण ती ज्या रेषेवर चालते ती रेषाच वाकते. साप वळतो. वळवण्यासाठी वेगळं चाक नाही, वेगळी मोटर नाही, फक्त ही एक बेरीज.

आता उलट बाजूने बघा. सर्वो बसवताना प्रत्येक सांधा २ अंशांनी डावीकडे बसला, तर तुम्ही न सांगताच रोबोला २ अंशांचा ऑफसेट मिळाला. मणका, म्हणजे दोन सांध्यांमधला तुकडा, ८ सेंमी लांब असेल तर हिशेब सोपा आहे: ०.०८ भागिले २ अंशांचे रेडियन, म्हणजे ०.०३५. उत्तर साधारण २.३ मीटर त्रिज्या. दहा सांध्यांच्या सापात एकेका सांध्याची चूक डोळ्याला दिसतही नाही, आणि रोबो मात्र हॉलभर गोल फिरतो.

खऱ्या सापाचंही शरीर काही काटेकोर सारखं नसतं. पण तो बघत असतो, जमीन जाणवून घेत असतो, चुकलं की लगेच सुधारतो. तुमचा रोबो आंधळा आहे. त्याला शून्य म्हणजे शून्यच लागतं.

पहिली तपासणी फुकट आहे: रोबोचं तोंड उलट दिशेला करा

खोलीत एका जागेवरून रोबो सोडा. समजा तो खिडकीकडे वळला. आता त्याच जागेवर तोंड विरुद्ध दिशेला करून पुन्हा सोडा. या वेळीही खिडकीकडेच वळला तर रोबोला हात लावू नका, दोष जमिनीचा आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या डावीकडे वळला तर मात्र दोष रोबोत.

हे सांगायला हसू येतं, पण गच्चीवर चाचणी घेणारे फार असतात. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेलाच असतो. एका गटाने दोन आठवडे उताराशी झगडून कोडमध्ये "करेक्शन" घातलं होतं आणि परीक्षेच्या दिवशी सपाट हॉलमध्ये रोबो उलट्या अंगाला गेला.

याच वेळी शेपटीला बांधलेली यूएसबी किंवा पॉवरची वायर सोडून बघा. बॅटरी अंगावर नसेल तर एकाने वायर हातात उचलून रोबोच्या मागोमाग चालायचं, ती जमिनीवर लोळता कामा नये. हलक्या रोबोला एक जाड वायर सहज ओढून नेते.

चाकं: केस, दोरे आणि दिशा

रोबो उलटा करून प्रत्येक चाक बोटाने टिचकी मारून फिरवा. घरात फिरलेल्या रोबोच्या चाकांत केस आणि सतरंजीचे दोरे गुंडाळलेले असतातच. चिमटा आणि ब्लेडने काढा. डाव्या अंगाची दोन चाकं जड फिरत असतील तर रोबो डावीकडे ओढला जाणार, त्यात नवल नाही.

चाकावरची ओ-रिंग (रबरी कडी) झिजली किंवा निघाली असेल तर तिथली आडवी पकड जाते. व्हिट्रिफाइड टाइलवर हे फार जाणवतं. बघायची सोपी पद्धत म्हणजे रोबो बंद ठेवून बोटाने आधी पुढे ढकला, मग आडवा. पुढे हलका आणि आडवा जड वाटला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच वाटला तर तो सापासारखा चालणार नाही, जागेवर वळवळेल. गुळगुळीत पृष्ठभागावर हू यांच्या सापांचं तेच झालं होतं.

मागे जाणाऱ्या रोबोबद्दल दोन शब्द. बहुतेकदा फेजचं चिन्ह उलटं असतं, अधिकचं उणे करा. चिन्ह बरोबर असेल, लाट डोक्याकडून शेपटीकडेच जात असेल आणि तरीही रोबो मागे येत असेल, तर चाकांचे ॲक्सल (आस) चुकीच्या दिशेने बसलेत. पुढे घर्षण जास्त आणि आडवं कमी झालं की लाटेचा परिणामच उलटतो. समुद्रातल्या नेरिस जातीच्या किड्याला दोन्ही बाजूंनी पायांसारखे अवयव असतात. त्याच्या शरीरात लाट शेपटीकडून डोक्याकडे जाते आणि तो लाटेच्याच दिशेने पुढे जातो. थ्रीडी प्रिंट केलेला ब्रॅकेट ९० अंशांनी फिरवून बसवला की तुमच्या सापाचा असा किडा होतो.

दोन चाचण्या, ज्यांनी दोष कुठे आहे ते कळतं

यासाठी फक्त कोडमधले आकडे बदलायचे आहेत. मी सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर ठेवतो.

पहिली: आवाका निम्मा करा, म्हणजे ४० अंश असेल तर २०. वर्तुळ साधारण तेवढंच राहिलं तर शून्य चुकलंय, पुढच्या भागात जा. आवाका कमी केल्यावर रोबो सरळ चालू लागला, तर एखादा सांधा एका बाजूला पूर्ण वळत नाहीये. वायरचा गुच्छा आडवा येतोय, झिप टायचं टोक अडतंय किंवा ब्रॅकेट ब्रॅकेटला लागतोय. समजा सांधा डावीकडे ४० जातो पण उजवीकडे ३० वर अडतो. मग त्याची सरासरी डावीकडे झुकते आणि सरासरी झुकली म्हणजे ऑफसेट आला. वायर मोकळी करा, जमत नसेल तर आवाका कमीच ठेवा.

दुसरी: ऑफसेट आधी अधिक ५, मग उणे ५ ठेवून रोबोला पूर्ण वर्तुळं मारू द्या. खडूने मधली वाट आखा आणि व्यास मोजा. एका मुलीच्या रोबोने डावीकडे १.६ मीटर आणि उजवीकडे २.४ मीटर व्यास दिला होता. त्रिज्या ०.८ आणि १.२. एकाला त्यांनी भागलं की १.२५ आणि ०.८३. फरकाचा निम्मा ०.२१, गुणिले मणक्याची लांबी ०.०८. येतात ०.०१७ रेडियन, म्हणजे दर सांध्याला जवळजवळ १ अंश डावीकडे. सगळ्या सांध्यांतून तो १ अंश वजा केल्यावर दोन्ही वर्तुळं जवळपास सारखी झाली. तिसऱ्या लक्षणाचा उपाय हाच आहे. व्यासांची वजाबाकी करू नका, आधी त्रिज्येने भागा, नाहीतर उत्तर चुकतं.

एवढ्यावर थांबलात तरी प्रदर्शनापुरतं काम भागेल. मी थांबत नाही, कारण हा एक सरासरी आकडा आहे. एक सर्वो बदललात की तो निकामी.

शून्य खरंच शून्यावर आहे का

सर्वोला कोन सांगतो तो विजेचा पल्स; तो जितका लांब त्यावर कोन ठरतो. सगळ्या सर्वोंना मधला पल्स द्या, १५०० मायक्रोसेकंद. रोबो फरशीच्या सांधीवर ठेवा. जमिनीला गाल लावा, एक डोळा मिटा आणि सुतार फळी बघतो तसं शेपटीकडून डोक्याकडे बघा.

नागमोडी दिसतोय पण डोकं आणि शेपूट एकाच रेषेत आहेत? मग डाव्या-उजव्या चुका एकमेकींना खातात, रोबो फारसा वळणार नाही. सगळा मिळून धनुष्यासारखा वाकलाय? तोच आपला चोर.

पहिला मोह होतो हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसवलेली पट्टी) काढून एक दाता पुढे बसवायचा. नेहमीच्या मोठ्या सर्वोच्या दांड्यावर २५ दाते असतात. ३६० भागिले २५, म्हणजे एका दात्याला १४.४ अंश. दाता कितीही नीट निवडला तरी ७ अंशांपर्यंत चूक उरू शकते, आणि आपल्याला ती १ अंशाच्या आत हवी आहे. म्हणून हॉर्नने फक्त जवळ आणायचं, बाकीचं काम कोडमधल्या ट्रिमने, म्हणजे त्या सर्वोचा शून्य जरासा सरकवणाऱ्या आकड्याने. प्रत्येक सर्वोला वेगळा ट्रिम लागतो. डोक्याकडून सुरुवात करा, एक सांधा सरळ झाला की पुढचा. दहा सांध्यांना अर्धा तास लागतो. मिळालेले दहा आकडे कागदावर लिहा आणि तो कागद सेलोटेपने रोबोच्या पोटाला चिकटवा. पुढे एखादा सर्वो जळाला तर तेवढाच आकडा बदलायचा.

एक खबरदारी घ्या. हॉर्न काढताना सर्वो चालू ठेवून दांडा हाताने फिरवू नका. आतले गिअर त्याने तुटतात. पॉवर बंद, मग स्क्रू.

काल सरळ होता, आज बोर्ड बदलला आणि वळतोय

हा प्रकार मला पहिल्यांदा भेटला तेव्हा एक पूर्ण रविवार गेला. सर्वो तेच, ट्रिम तेच, चाकं तीच. जळालेला सर्वो ड्रायव्हर (सर्वोंना पल्स देणारा बोर्ड) बदलून अगदी तसाच नवा लावला आणि साप केळ्यासारखा वाकला.

सोळा चॅनेलचा पीसीए ९६८५ ड्रायव्हर बहुतेकांकडे असतो. वेळ मोजायला त्याच्या आत स्वतःचं घड्याळ आहे, नावाला २५ मेगाहर्ट्झचं. प्रत्यक्षात एका चिपचं जरा पुढे, दुसरीचं जरा मागे. म्हणून तर ॲडाफ्रूट कंपनीच्या या ड्रायव्हरसाठीच्या कोड-लायब्ररीत ही फ्रिक्वेन्सी आपण भरायची सोय आहे, आणि त्यांच्या उदाहरणात २७ मेगाहर्ट्झ लिहिलेलं दिसतं. घड्याळात २ टक्के फरक पडला की १५०० चा पल्स ३० मायक्रोसेकंदांनी सरकतो. ५०० ते २५०० मध्ये १८० अंश फिरणाऱ्या सर्वोला ते पावणेतीन अंश झाले. आणि ते सगळ्या सर्वोंना, एकाच बाजूला. म्हणजे नेमका ऑफसेट.

याला ऑसिलोस्कोप लागत नाही. एक आर्डुइनो घ्या, दोन्ही बोर्डांचे ग्राउंड जोडा, ड्रायव्हरच्या एका सिग्नल पिनवरून वायर आणा आणि पल्सइन फंक्शनने पल्स मोजा. शंभर वेळा मोजून सरासरी काढा. १५०० मागितले आणि १५३० मिळाले, तर लायब्ररीत भरलेल्या फ्रिक्वेन्सीला १५०० ने गुणा, १५३० ने भागा आणि तो आकडा भरा. पुन्हा मोजा. हे ट्रिम लावण्याआधी करायला हवं होतं, हे मला त्या रविवारी रात्री कळलं.

वळताना थरथर आणि रीसेट

हे पाचवं लक्षण. इथे शून्य ठीक असतं, उपाशी असतो तो वीजपुरवठा. वळताना चाकांना जास्त आडवा जोर लागतो, सर्वो जास्त करंट मागतात, व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर शेपटीच्या शेवटच्या सर्वोवर लावा आणि रोबो वळत असताना बघा. डोक्याशी ६ आणि शेपटीशी ५ दिसले तर वायर बारीक आहे. जंपर वायरवर दहा सर्वो चालत नाहीत. जाड वायर घाला किंवा पॉवर दोन्ही टोकांनी द्या. कंट्रोलरला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असू द्या, ग्राउंड मात्र एकच.

कोडमध्येही एक गोष्ट करा. वळण देताना दहाही सांध्यांचा ऑफसेट एकाच क्षणी बदलू नका. साप वळतो तेव्हा आधी डोकं वळतं, मागचं शरीर त्याच वाटेने येतं. ऑफसेट पहिल्या सांध्याला द्या आणि लाटेच्या वेगाने एकेक सांधा मागे सरकवत न्या. हिसका कमी बसतो, चाकं घसरत नाहीत आणि एकदम येणारी करंटची मागणीही विभागली जाते.

सेन्सर सगळ्यात शेवटी

जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावून दिशा सुधारता येते, आणि लावावाच. पण वरचं सगळं झाल्यावर. आधी लावलात तर तो तुमची चूक झाकेल आणि सगळा वळायचा वाव एका बाजूला खाऊन टाकेल, मग उजवीकडे वळायला जागाच उरणार नाही. आणखी दोन गोष्टी. डोक्यावरचा सेन्सर प्रत्येक लाटेबरोबर डावी-उजवीकडे झुलतो, म्हणून एका पूर्ण लाटेची सरासरी घेऊनच सुधारणा करा, नाहीतर रोबो स्वतःच्या झुलण्याशीच भांडत बसतो. आणि नुसता जायरो काही मिनिटांत सरकत जातो. होकायंत्राचा सेन्सर त्यावर उपाय वाटतो, पण शेजारी दहा मोटरींची चुंबकं आहेत.

तुमचा रोबो फुरशासारखा तिरका चालणारा असेल, म्हणजे त्यात आडवे आणि उभे असे दोन्ही सांधे असतील, तर वरची शून्याची आणि पल्सची तपासणी तशीच करा, पण ऑफसेटचा हिशेब लागू करू नका. कोकणातलं फुरसं असं चालतं आणि वाळवंटातला साइडवाइंडरही. साइडवाइंडरच्या शरीरात दोन लाटा एकदम असतात आणि त्यांचा मेळ बदलून तो वळतो, असं २०१५ मध्ये जॉर्जिया टेक आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी दाखवलं. तो वेगळा विषय आहे.

इथे थांबा

लिथियम बॅटरी फुगली असेल, गोडसर वास येत असेल किंवा तिच्यावर खोच पडली असेल, तर ताबडतोब काम थांबवा. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. सेल जोडून पॅक स्वतः सोल्डर करायचा विचार असेल तर तोही सोडा. स्पॉट वेल्डिंग करून देणारा माणूस शोधा. दोन सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतो आणि साधे सर्वो त्यावर जळतात, हे त्याला सांगा म्हणजे तो रेग्युलेटरसकट नीट करून देईल.

तोच तो सर्वो तिसऱ्यांदा जळाला तर चौथा आणू नका. तो सांधा कुठेतरी अडतोय किंवा फ्रेम पिळलीय. ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट हाताने ठोकून सरळ होत नाहीत, सीएनसीवाल्याकडे जा. आणि रेग्युलेटरमधून धूर आला असेल तर मल्टिमीटरसुद्धा लावू नका, बॅटरी काढा आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स कळणाऱ्याला दाखवा. जाताना पोटाखालचा ट्रिमचा कागद रोबोबरोबर देऊ नका. तो काढून ठेवा असं मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी कोणीतरी तो रोबोबरोबरच दुकानात देऊन येतं आणि परत येताना साप येतो, कागद येत नाही.